एरिस्टॅलिस वंशातल्या सिरफिड माश्या: वर्गीकरण आणि ओळख (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एरिस्टॅलिस म्हणजे नेमकी कोणती माशी?

फुलावर बसलेली, जाड बांध्याची, तपकिरी-काळी, पहिल्या नजरेत मधमाशीच वाटणारी, पण उडताना मध्येच हवेत थबकणारी माशी दिसली, तर ती या वंशातली असू शकते. द्विपंखी गणातल्या सिरफिडी कुलाचा हा एक वंश. पिएर आंद्रे लात्रेय या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने तो १८०४ साली वेगळा मांडला. वंशाची प्ररूप जाती, म्हणजे वंशाचं नाव जिच्याशी कायमचं बांधलेलं असतं ती जाती, एरिस्टॅलिस टेनॅक्स. लिनियसने १७५८ मध्येच तिचं वर्णन केलं होतं, पण तेव्हा जवळपास सगळ्याच माश्या ‘मस्का’ या एका वंशात जात, म्हणून तिचं पहिलं नाव मस्का टेनॅक्स.

आज या वंशात सुमारे शंभर जाती मानल्या जातात आणि त्यांचा मुख्य वावर उत्तर गोलार्धात आहे: युरोप, आशियाचा उत्तर व डोंगराळ भाग, उत्तर अमेरिका. टेनॅक्स मात्र अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर पोचली आहे.

वंश, जाती, प्रजाती: या शब्दांचा गोंधळ होतो. इथे काय अर्थ घ्यायचा?

मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द कुणी वंशासाठी वापरतं, कुणी जातीसाठी. म्हणून इथे तो टाळला आहे. एरिस्टॅलिस हा वंश, टेनॅक्स ही त्यातली जाती. वंशाच्या वर जमात, तिच्या वर उपकुल, मग कुल, मग गण.

वर्गीकरणात या वंशाची जागा कुठे?

गण द्विपंखी, कुल सिरफिडी, उपकुल एरिस्टॅलिने, जमात एरिस्टॅलिनी, उपजमात एरिस्टॅलिना. तिन्ही नावं कानाला सारखीच लागतात, तेव्हा शेवटच्या अक्षराकडे लक्ष ठेवा. देवनागरीत उपकुल आणि जमात दोन्हींसाठी ‘एरिस्टॅलिनी’ लिहिलेलं अनेकदा आढळतं आणि वाचणारा फसतो. म्हणून इथे उपकुलासाठी ‘ने’ आणि जमातीसाठी ‘नी’ असा भेद पाळला आहे.

सिरफिडी कुलात सहा हजारांहून जास्त जाती आणि सुमारे दोनशे वंश आहेत. त्यांचे बराच काळ तीन उपकुलांत गट पाडले जात: सिरफिने, एरिस्टॅलिने (जुन्या पुस्तकांत मिलेसिने) आणि मायक्रोडॉन्टिने. २०१५ मध्ये पिपिझिने हे चौथं उपकुल वेगळं मानावं अशी मांडणी झाली आणि ती आता बरीच रुळली आहे. यातलं एरिस्टॅलिने हे उपकुल सगळ्यात डळमळीत आहे. डीएनएच्या अभ्यासातून दिसतं की त्यातल्या सगळ्या माश्या एकाच पूर्वजाच्या सगळ्या वंशजांचा गट ठरत नाहीत. सिरफिने आणि पिपिझिने ज्या शाखांवर बसतात, त्या याच गटाच्या आतून फुटतात. म्हणजे ‘एरिस्टॅलिने’ हे सोयीचं नाव आहे, नातं सांगणारं नाही. एरिस्टॅलिनी जमातीला मात्र शरीररचनेचा चांगला आधार आहे, आणि तो पंखावर दिसतो.

पंखावरून वंश कसा ओळखायचा?

या माश्यांच्या बाबतीत सगळ्यात भरवशाची जागा पंखच. दहापट भिंग पुरतं. पंख पसरून, मागे पांढरा कागद धरून, या क्रमाने पाहा.

आधी कुल पक्कं करा. पंखाच्या मधोमध, दोन खऱ्या शिरांच्या मध्ये, कुठेही नीट न जुळलेली एक फिकट सुरकुती असते. तिला खोटी शीर म्हणतात. ती दिसली की माशी जवळजवळ नक्की सिरफिडी कुलातली. त्याबरोबर पंखाच्या बाहेरच्या कडेला समांतर जाणाऱ्या आडव्या शिरा पाहा. त्यांच्यामुळे पंखाला आत आणखी एक कड असल्यासारखं वाटतं.

मग जमात. पंखाच्या टोकाकडे जाणारी आर ४+५ ही शीर शोधा. बहुतेक सिरफिड माश्यांत ती सरळ किंवा किंचित वाकडी जाते. एरिस्टॅलिनी जमातीत ती मध्येच खोल खाली झुकते आणि पुन्हा वर येते, ताणलेली दोरी मध्ये सैल सोडावी तशी.

शेवटी वंश. त्या झोळाच्या वर, पंखाच्या पुढच्या कडेला लागून असलेला, शिरांनी वेढलेला आर १ हा लांबट कप्पा पाहा. एरिस्टॅलिसमध्ये तो कडेपर्यंत पोचण्याआधीच मिटतो आणि त्याच्या टोकाला शिरेचा छोटा देठ उरतो. हेलोफिलस, मेसेम्ब्रियस, मायाथ्रोपा या वंशांत हाच कप्पा पंखाच्या कडेला उघडा राहतो. एवढ्या एका खुणेने निम्मे गोंधळ मिटतात.

चूक कुठे होते? बसलेल्या माशीचे पंख एकमेकांवर येतात आणि दोन पंखांच्या शिरा मिसळून दिसतात. अशा वेळी उघडा कप्पा बंद वाटतो. एकच पंख मोकळा दिसत असेल तरच निर्णय घ्या.

कप्पा बंद असलेली प्रत्येक माशी एरिस्टॅलिसच का?

नाही. एरिस्टॅलिनस, फायटोमिया आणि पॅल्पाडा यांचाही आर १ कप्पा बंद असतो.

एरिस्टॅलिनसची खूण डोळ्यांवर आहे: फिकट डोळ्यांवर गडद ठिपके, किंवा टिनिऑप्स या जातीत उभे पट्टे. एरिस्टॅलिसचे डोळे एकरंगी आणि केसाळ असतात. इथे एक सापळा आहे. टेनॅक्सच्या डोळ्यांवर लांब गडद केसांचे दोन उभे पट्टे असतात. ते केसांचे आहेत, डोळ्याच्या रंगाचे नाहीत. बाजूने प्रकाश टाकून भिंगातून पाहिलं की केस स्पष्ट दिसतात. आणखी एक: वाळलेल्या नमुन्यात एरिस्टॅलिनसचे ठिपके पुसट होतात, तेव्हा जुन्या संग्रहातल्या नमुन्यावर ‘ठिपके नाहीत, म्हणून एरिस्टॅलिस’ असा शिक्का मारू नका.

फायटोमिया बांध्याने फारच रुंद असते आणि तिचं डोकं मोठं असतं. पॅल्पाडा हा अमेरिका खंडांतला, मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला वंश. त्याच्या बऱ्याच जाती पूर्वी एरिस्टॅलिसमध्येच मोडत. दक्षिण अमेरिकेतली जुनी नोंद वाचताना हे लक्षात ठेवलं नाही तर एरिस्टॅलिसचा पसारा आहे त्याहून मोठा वाटतो.

या वंशाचे उपवंश किती?

प्रचलित मांडणीत दोन: एरिस्टॅलिस (मूळ अर्थाने) आणि एओसेरिस्टॅलिस. दुसरा कानेर्वो यांनी १९३८ मध्ये मांडला. टेनॅक्स आणि तिच्या अगदी जवळच्या मोजक्या जाती पहिल्यात राहतात, बहुतेक बाकीच्या दुसऱ्यात. उपवंश लिहायचा झाल्यास तो वंशानंतर कंसात येतो: एरिस्टॅलिस (एओसेरिस्टॅलिस) सेरिॲलिस. रोजच्या नोंदीत उपवंश लिहिला नाही तरी काही बिघडत नाही.

शास्त्रज्ञाचं नाव कधी कंसात असतं, कधी नसतं. असं का?

हा कंस अर्थपूर्ण आहे, तो मनाने घालायचा किंवा काढायचा नसतो. जातीचं पहिलं वर्णन आजच्याच वंशात झालं असेल तर कंस नाही. वंश नंतर बदलला असेल तर कंस. म्हणून ‘एरिस्टॅलिस टेनॅक्स (लिनियस, १७५८)’, कारण तिचं वर्णन मस्कात झालं. पण ‘एरिस्टॅलिस सेरिॲलिस फॅब्रिशियस, १८०५’, कारण फॅब्रिशियसने तिला सुरुवातीपासून एरिस्टॅलिसमध्येच ठेवलं. याद्या एकीकडून दुसरीकडे उतरवताना कंस हमखास गळतात. एकदा गळलेला कंस पुढच्या दहा याद्यांत गळलेलाच जातो.

इंट्रिकॅरियस बरोबर की इंट्रिकॅरिया?

जातीचं नाव विशेषण असेल तर त्याचं लिंग वंशाच्या लिंगाशी जुळावं लागतं. एरिस्टॅलिस हे नाव पूर्वी अनेक जण पुल्लिंगी धरत, आता ते स्त्रीलिंगी मानलं जातं. म्हणून या वंशातल्या जातींची नावं इंट्रिकॅरिया, इंटरप्टा अशी. ‘यस’ शेवट असलेलं नाव दिसलं तर ती वेगळी जाती नाही, फक्त जुनं रूप आहे. शोध घेताना दोन्ही रूपं टाकून पाहा, नाहीतर निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत.

एकाच माशीला दोन नावं का असतात? कोणतं वापरू?

नियम साधा आहे: आधी प्रसिद्ध झालेलं वैध नाव टिकतं. प्रत्यक्षात मात्र तो लागू करताना पेच पडतात. नेमोरम (लिनियस, १७५८) आणि इंटरप्टा (पोडा, १७६१) हे चांगलं उदाहरण. बराच काळ इंटरप्टा हे नाव चाललं, आता अनेक याद्या नेमोरम वापरतात. हॉर्टिकोला (द गीर) आणि लिनिएटा (हॅरिस) यांचा पेच तर आणखी चमत्कारिक: दोन्ही नावं १७७६ सालची. त्यामुळे एका यादीत एक, दुसरीत दुसरं.

वंशाच्या पातळीवरही तेच. ‘एरिस्टॅलोमिया टेनॅक्स’ असं लिहिलेलं दिसलं तर ती आपली टेनॅक्सच. ‘लॅथिरोफ्थॅल्मस’ दिसलं तर ती ठिपक्यांच्या डोळ्यांची माशी समजा, म्हणजे आजचा एरिस्टॅलिनस. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही याद्यांत मायगेन या माशीतज्ज्ञाच्या १८०० सालच्या पुस्तिकेतली वंशनामं वापरलेली असतात. त्या पुस्तिकेमुळे माश्यांच्या नावांत इतका घोळ झाला की प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९६३ मध्ये ती सगळीच नावं बाद केली.

व्यवहारात एक ताजी यादी निवडा, तिचं नाव नोंदीत लिहा आणि त्या कामापुरतं तिलाच धरून राहा. दोन याद्यांतली नावं मिसळलीत तर एकच माशी दोनदा मोजली जाईल.

पोटाच्या रंगावरून जाती सांगता येते का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच द्यावं लागतं. एकाच जातीत पोटावरचे नारिंगी डाग मोठे, लहान किंवा जवळजवळ नाहीसे असू शकतात. कोषात असताना जितकी थंडी, तितकी माशी गडद होते. त्यावर आनुवंशिक फरक वेगळाच. शिवाय नरांत नारिंगी जास्त आणि माद्यांत कमी असतं. त्यामुळे एकाच जातीचा उन्हाळ्यातला नर आणि थंडीतली मादी शेजारी ठेवली तर दोन जाती वाटाव्यात. रंग शेवटी पाहा. आधी चेहरा, अरिस्टा (शृंगिकेवरचा राठ केस) आणि पाय.

मग जाती कशावरून ठरवायची?

तीन जागा. पहिली चेहरा: मध्यभागी उघडा, चमकदार काळा पट्टा आहे की सगळा चेहरा भुकटीसारख्या लवेने झाकलेला आहे. दुसरी अरिस्टा, म्हणजे आखूड शृंगिकेच्या शेवटच्या भागावरचा लांब राठ केस: तो गुळगुळीत आहे की त्याला पिसासारख्या बारीक शाखा आहेत. तिसरी पाय: नडगीचा आकार आणि पावलांचा रंग.

टेनॅक्समध्ये चेहऱ्यावर रुंद काळा पट्टा, गुळगुळीत अरिस्टा, मागची नडगी जाड आणि वाकलेली, डोळ्यांवर केसांचे ते दोन पट्टे. इतक्या खुणा एकत्र आल्या की शंका उरत नाही. पर्टिनॅक्स तिच्यासारखीच मोठी असते, पण तिची पुढची आणि मधली पावलं पिवळी असतात आणि नराचं पोट मागे निमुळतं होत जातं. अर्बस्टोरम लहान असते, तिचा चेहरा पूर्ण लवेने झाकलेला असतो आणि अरिस्टा पिसासारखा. अब्यूसिवा अगदी तशीच, मात्र अरिस्टावरच्या शाखा बऱ्याच आखूड. या दोघींना फोटोवरून वेगळं करणं फार अवघड आहे. इंट्रिकॅरिया दाट केसांमुळे भुंग्यासारखी दिसते आणि तिच्यात नर-मादीचे केस वेगळ्या रंगाचे असतात.

अर्बस्टोरमबाबत एक सावधगिरी. माशी जुनी झाली की चेहऱ्यावरची लव झिजते आणि खालचा काळा भाग उघडा पडून पट्ट्यासारखा दिसू लागतो. पंखांच्या कडा फाटलेल्या असतील तर माशी वयस्क आहे असं समजा आणि चेहऱ्याच्या खुणेवर कमी विसंबा.

नर-मादी कसे ओळखायचे?

वरून डोकं पाहा. नराचे डोळे कपाळावर एकमेकांना टेकतात, मादीचे दूर राहतात. हेलोफिलसमध्ये नराचेही डोळे वेगळेच असतात, म्हणून आधी वंश ठरवा, मग लिंग.

फोटोवरून ओळख हवी असेल तर कोणते फोटो काढावेत?

पाठीवरून काढलेला एक सुंदर फोटो ओळखीसाठी बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो. निदान पाच हवेत: समोरून चेहरा, बाजूने डोकं (अरिस्टा दिसेल असं), एक पंख मोकळा, बाजूने मागचा पाय आणि वरून पूर्ण शरीर. या पाचांत समोरचा चेहरा सगळ्यात मोलाचा आणि नेमका तोच राहून जातो. माशी फुलातून मकरंद घेत असताना डोकं खाली असतं. ती पानावर बसून पुढचे पाय चोळायला लागली की समोरून हळूहळू जवळ जा. तुमची सावली तिच्यावर पडली तर ती उडणार. कडक उन्हात फ्लॅशमुळे चेहऱ्यावरची लव चकाकते आणि काळा पट्टा पुसला जातो, तेव्हा एखादा फोटो फ्लॅशविना घ्या.

नमुना जतन करायचा असेल तर?

आधी परवानगी आणि गरज, दोन्ही तपासा. एका जागेचे एक-दोन नमुने पुरतात. पकडायला हातजाळं उत्तम. पिवळ्या पसरट भांड्यात पाणी आणि साबणाचे दोन-चार थेंब टाकूनही माश्या मिळतात, कारण पिवळा रंग त्यांना खेचतो. पण भांडं रोज रिकामं करा. भिजून राहिलेल्या माशीची लव आणि केस चिकटतात, आणि याच वंशात त्या खुणांशिवाय अडतं.

माशी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून मारा. अंगात लवचिकपणा आहे तोवर कीटकांची गंज न लागणारी टाचणी वक्षाच्या वरून, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, सरळ खाली घाला. मध्यरेषा मोडली तर तिच्यावरच्या खुणा जातात. पंख बाजूला करा, पाय पोटाखालून मोकळे काढा. नर असेल तर वाकवलेल्या बारीक टाचणीने जननेंद्रियं मागे ओढून ठेवा. माशी वाळल्यावर हे करायचं तर आधी झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाशेजारी साधारण एक दिवस ठेवून ती मऊ करावी लागते. दोन दिवस ठेवलीत तर बुरशी येते. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेल्या नमुन्याला शास्त्रीय किंमत जवळजवळ नाही.

अल्कोहोलमध्ये पूर्ण माशी बुडवू नका, लव आणि रंग दोन्ही जातात. डीएनएसाठी एक पाय वेगळा काढून ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये थंडीत ठेवा आणि त्या कुपीवर माशीचाच क्रमांक घाला.

डीएनए बारकोडने सगळा प्रश्न सुटत नाही का?

बराच सुटतो, सगळा नाही. बारकोड म्हणजे सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा. तो मायटोकाँड्रियातला, म्हणजे आईकडूनच येणारा. अलीकडेच वेगळ्या झालेल्या किंवा अधूनमधून संकर होणाऱ्या जातींत तो सारखाच निघू शकतो. दुसरी अडचण साध्या मानवी चुकीची आहे: संदर्भसाठ्यातल्या नमुन्यावर मुळात चुकीचं नाव लिहिलेलं असेल तर तुमच्या माशीलाही तेच चुकीचं नाव मिळतं. म्हणून नमुना जपून ठेवायचा, तुकडा वाचून झाला म्हणून फेकायचा नाही.

अळी कशी असते आणि ती कुठे शोधायची?

साचलेल्या, कुजक्या, सेंद्रिय गाळाच्या पाण्यात: शेणाच्या ओढ्यात, डबक्यात, पानं कुजलेल्या खड्ड्यात. शरीर जाडसर आणि मळकट पांढरं, मागे लांब शेपटी. ही शेपटी म्हणजे श्वासनळी. दुर्बिणीच्या नळ्यांसारखे तिचे भाग एकमेकांत सरकतात आणि ती शरीराच्या कितीतरी पट लांब होते. अळी गाळात राहून नळीचं टोक पृष्ठभागावर ठेवते, म्हणून प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्यातही ती जगते. अन्न म्हणजे पाण्यातले जीवाणू आणि कुजलेले कण. कोष करायला ती पाण्याबाहेर कोरड्या मातीत शिरते.

लांब शेपटी दिसली म्हणून वंश ठरत नाही, कारण अशी अळी एरिस्टॅलिनीतल्या इतर वंशांचीही असते. माशी बाहेर येईपर्यंत वाट पाहणं हा सोपा उपाय. भांड्यात थोडं मूळचंच पाणी, तिरकी चढण आणि वर कोरडी माती ठेवा. चढण नसेल तर अळ्या कोषासाठी जागा न मिळून मरतात.

ही माशी मावा खाते का? शेतीत मित्रकीटक म्हणून सोडता येईल?

मावा खाणाऱ्या अळ्या मुख्यतः सिरफिने आणि पिपिझिने या उपकुलांतल्या. एरिस्टॅलिसची अळी मावा खात नाही. वर्गीकरणाचा उपयोग इथे थेट कळतो: ‘सिरफिड माशी दिसली, आता मावा आटोक्यात येईल’ हे गृहीतक उपकुल न पाहता केलं तर चुकतं. परागीभवनासाठी मात्र प्रौढ एरिस्टॅलिस उत्तम.

चावते किंवा डंख मारते का?

नाही. तिला नांगीच नाही. मधमाशीपासून वेगळी ओळखायची तर पंखांची एकच जोडी, आखूड शृंगिका, मोठे डोळे आणि कंबर नसलेलं पोट पाहा. दूषित पाण्याबरोबर किंवा अन्नाबरोबर अळ्या पोटात जाऊन त्रास झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत, तेव्हा उघड्या साठ्यातलं पाणी झाकून ठेवा.

मृत बैलातून मधमाश्या जन्मतात असा भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन लोकांचा समज होता. तो समज कुजलेल्या कलेवरातून निघणाऱ्या टेनॅक्समुळे झाला, असं माशीतज्ज्ञ कार्ल रॉबर्ट ओस्टेन-साकेन यांनी १८९४ मध्ये मांडलं. दोन पंख मोजले असते तर ती गोष्ट सुरूच झाली नसती.

जाती नक्की कळली नाही तर नोंद कशी करावी?

जिथपर्यंत खात्री आहे तिथेच थांबा. पंखावरून वंश पक्का, पण चेहरा दिसला नाही, तर ‘एरिस्टॅलिस एसपी.’ (म्हणजे या वंशातली, जाती न ठरलेली) लिहा. अर्बस्टोरम की अब्यूसिवा हे ठरत नसेल तर ‘अर्बस्टोरम/अब्यूसिवा’ अशी जोडी लिहा. पंखही नीट दिसत नसेल तर ‘एरिस्टॅलिनी’ पुरे. सोबत कोणत्या खुणा दिसल्या आणि कोणत्या नाहीत हे एका ओळीत लिहून ठेवा. उद्या कुणी ती नोंद पुन्हा तपासायला घेतली तर त्याला त्या ओळीपासून पुढे जाता येतं.